अजून कोण राहिलंय का?

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही.

एसटीत कंडक्टर होते मी. सोलापूर–मंगळवेढा मार्गावर दारुड्यांना दंडाला धरून खाली उतरवलंय. पाकीटमाराच्या कानाखाली काढलीय. त्यामुळे "बाईला भास झाला असेल" असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी इथूनच मागं फिरावं. जे लिहितेय ते माझ्या घरात घडलंय. खरं सांगायचं तर अजून घडतंय.

आणि हो, अमावस्येची रात्र वगैरे शोधू नका. भर दुपार होती. गेल्या एप्रिलमधली. जुळे सोलापूरमधलं आमचं भाड्याचं घर. आमच्याकडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या वेळेला गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी नोकरी सोडली ती माझ्या मुलीसाठी.

अंकिता तेव्हा तीन वर्षांची. मी पहाटे निघायचे तेव्हा ती झोपलेली, परत यायचे तेव्हाही झोपलेली. दिवसभर शेजारच्या काकूंकडं असायची. एकदा लवकर सुटले म्हणून हौसेनं घ्यायला गेले, तर ती काकूंना बिलगली आणि त्यांनाच "आई" म्हणाली. काकू बिचाऱ्या ओशाळल्या. मला मात्र रात्री घास गिळवला नाही. दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याचं बोलून टाकलं.

मोडनिंबहून सासूबाईंचा फोन आला. बजाबाई त्यांचं नाव, आणि आवाज असा की फोनची गरजच नाही.

"सरकारी नोकरी सोडून लोकांची शेंबडं पुसत बसनार व्हय गं तू?"

"माझ्या पोरीचं पुसायला तरी मिळेल," मी म्हणाले.

असं माझं पाळणाघर सुरू झालं. पहिली आली शिवानी. तिची आई दाक्षायणी बँकेत आहे, माहेर अक्कलकोटचं, मला "अक्का" म्हणते. मग सिद्धराम आला. हा झोपेत अख्खा हॉल लोळून पालथा घालणारा. मग आणखी काही. माझं घर भरलं, आणि अंकिता दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर. लई सुखात होते मी.

आता ती सवय सांगते. सगळं तिथूनच सुरू झालं.

कंडक्टरची नोकरी सुटते, सवय सुटत नाही. दुपारी जेवणाआधी मुलं जरा अंगणातल्या सावलीत खेळायची. मग त्यांना आत घेऊन जेवू घालायचं आणि झोपवायचं. शेवटचं मूल आत आलं की मी एक पाय पायरीवर ठेवून, चौकटीला धरून बाहेर वाकायचे आणि गाडीत ओरडायचे तसं ओरडायचे,

"चला, चला! अजून कोण राहिलंय का? या पटकन, गाडी सुटतेय!"

गल्लीत दोन्हीकडं बघायचे. मग दार लावून त्यावर दोन थापा मारायच्या. मुलं खिदळायची. गाडी सुटली म्हणजे आता दंगा बंद, हे त्यांना कळायचं.

कुणाला बोलावतेय, असा विचार कधी मनातच आला नाही.

त्या दुपारी ऊन अंगावर धावून येत होतं. मी हाक मारली. गल्ली रिकामी. दार लावायला घेतलं...

आणि दार जड झालं.

सुटत्या गाडीमागं कुणी पळत येऊन शेवटच्या क्षणाला दार धरलं की हाताला कसं लागतं, ते मला विचारा. अगदी तसं. बाहेर वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. मग दार एकदम हलकं झालं आणि आपोआप लागलं.

मी थापा मारल्या. हात सवयीनंच उठला.

जेवणं झाली, गाद्या घातल्या. मुलं आडवी झाली. मी भांडी आत ठेवून आले तर...

मुलं सरकत होती.

मुकाट्यानं. सिद्धराम भिंतीकडं, शिवानी त्याच्याकडं, अंकिता उलट्या बाजूला. पाळणाघर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, भांडल्याशिवाय मूल जागेवरून हलत नाही. इथं कुणी कुरकुरसुद्धा केली नाही.

मधे जागा झाली. एका लेकराएवढी.

"अगं, पसरून झोपा की. एवढी जागा कुणाला ठेवलीय?"

"तो बसलाय ना," अंकिता म्हणाली.

"कोण?"

"तू बोलावलंस तो."

मुलांचा खेळ, दुसरं काय. मी हसले आणि कूलर लावला. थोड्या वेळानं लाइट गेली. कूलर बंद पडला. घर शांत झालं. आणि मग मला ऐकू आली...

धाप.

लांबून पळत आलेल्याची. तोंडानं घेतलेली. कोरड्या घशाची.

मी वाकून एकेका मुलाच्या नाकाशी कान नेला. सगळी शांत झोपली होती. धाप त्यांच्यातल्या कुणाची नव्हती. ती मधल्या जागेतून येत होती.

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद केली. पण आत आलेल्याला हाकेची काय गरज? जागा रोज राहू लागली. झोपेतसुद्धा मुलांचे हातपाय तिच्यात जात नसत. सिद्धराम लोळत लोळत तिथपर्यंत यायचा आणि थांबायचा. धाप मात्र रोज थोडी थोडी कमी होत गेली. जो कुणी होता, तो आता निवांत होत होता.

घरमालकांना आडून विचारलं. शेजारी विचारलं. इथं कुठलं मूल गेलंय का, काही झालंय का? कुणाला काही माहीत नाही. पूर्वी शेतं होती, एवढंच.

माझे मिस्टर, अभिमन्यू, टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ऊन लागलंय तुला. ताक पी." कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी होते, तेव्हा मुलांना हसवायला म्हणून मुद्दाम त्या जागेत मांडी घालून बसले.

कुणीच हसलं नाही. शिवानीनं डोळे झाकून घेतले.

"बाबा, त्याच्या मांडीवर नका ना बसू," अंकिता हळूच म्हणाली.

ते उठले. चपला घालून बाहेर गेले. संध्याकाळी मीच खोदून विचारलं.

"गादी गरम होती," ते म्हणाले. "आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी."

त्यानंतर त्यांनी मला ताक प्यायला सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशीही कामावर जायला लागले. पुरुषांचं बरं असतं!

एकदा अंकिताची वेणी घालताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या त्या मित्राला जायचंय कुठं?"

"कुठंच नाही."

"मग काय पाहिजे त्याला?"

"बसायला जागा," ती म्हणाली. "सगळीकडं भरलेलंच असतं ना गं. त्याला कुणी घेतच नाही."



शेवटी सासूबाईंना बोलावलं. आल्या, नारळ उतरवला, दहीभात चौकात ठेवला. दुपारी मुलांच्या उशाशी जाऊन बसल्या. ती जागा बराच वेळ बघत राहिल्या. मग मला स्वयंपाकघरात नेलं. त्यांचा तो आवाज पार खाली आला होता.

"दारात हुबं ऱ्हाऊन हाक मारत हुतीस म्हनं? भर दुपारची? नाव न घेता?"

मी मान हलवली.

"आगं, शिरलेलं काढता येतं गं. ह्ये शिरलं न्हाय. ह्याला तू घेतलंयस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ज्येनं घेतलं त्येनंच उतरवायचं. आमच्या हातात काय न्हाय, पोरी."

उतरवणं तर माझं कामच होतं. भल्याभल्यांना उतरवलं होतं मी. दुसऱ्या दिवशी मुलं आडवी झाली तसं दार सताड उघडलं. ऊन थेट हॉलमध्ये आलं. मी त्या जागेसमोर उभी राहिले आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले,

"उतर. शेवटचा थांबा आला. गाडी पुढं जात नाही. उतर खाली."

काही नाही.

"ऐकू येत नाही का? उतर म्हणते ना!"

मुलं उठून बसली होती. टकामका बघत होती. कुणाकडं, ते मला कळत नव्हतं. आणि मग...

धाप पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवसासारखी. त्यात मधेमधे एक बारीक आवाज येत होता. रडू दाबल्यावर नाकातून येतो तसा.

मी आई आहे हो. माझा आवाज फाटला. पण मी मागं हटले नाही. "उतर," एवढंच म्हणत राहिले.

"आई, त्याला चप्पल नाहीये," अंकिता रडायला लागली. "बाहेर पाय भाजतात गं."

तेवढ्यात सिद्धराम पुन्हा आडवा झाला आणि लोळला. आरपार, त्या जागेतून. शिवानीनं पाय पसरले. मधली जागा मुलांनी भरून गेली. धाप थांबली. मी पळत जाऊन दार लावलं आणि तिथंच खाली बसले. जिंकल्यासारखं वाटलं मला. किती खुळी असते बाई!

रात्री जेवायला बसलो. अंकिता पाटावर बसली आणि...

सरकली.

अर्धा पाट मोकळा ठेवून कडेवर बसली. अर्धी भाकरी मोडून ताटाच्या पलीकडच्या बाजूला सारली.

"अंकिता," मी हातातलं ताट खाली ठेवलं. "तो गेला ना?"

"तू ओरडलीस ना त्याला. सगळे घाबरले, कुणी घेईना. मग मी म्हटलं, माझ्याजवळ ये."

आठवड्याभरात दाक्षायणी आली. शिवानीची पिशवी, बाटली, उशी, सगळं गोळा केलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "अक्का, तिला अक्कलकोटला आईकडं ठेवते. राग मानू नका." दारात थबकली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "शिवानी म्हणते, मावशीनंच त्याला बोलावलं. खरंय का हो?"

मी शिवानीच्या गालावरून हात फिरवला. ती माझ्याकडं नाही, अंकिताच्या शेजारी बघत होती.

हळूहळू बाकीचीही गेली. पाळणाघर बंद आहे आता. गाद्या माळ्यावर टाकल्यात.

अंकिताला डॉक्टरांना दाखवलं. तब्येत ठणठणीत आहे म्हणाले. सासूबाईंनी ऐकलं तिथं तिथं नेलं. अंगारे, ताईत, सगळं झालं. पोरगी हसते, खेळते, गाणी म्हणते. फक्त प्रत्येक गोष्टीच्या कडेला बसते. खुर्चीच्या कडेला, पलंगाच्या कडेला, स्कूटरवर माझ्या पुढं उभी राहिली तरी एका कडेला. आणि ती कड रोज थोडी अरुंद होते. परवा पलंगावरून पडली. उचलून ठेवायला गेले तर पलंग रिकामा दिसत होता, पण तिला ठेवायला जागाच सापडेना. तिला खाली माझ्याजवळ घेऊन झोपले.

काल दुपारी मी ठरवलं. पलंग नको, गादी नको. भिंतीला टेकून बसले, पाय पसरले आणि तिला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी आवळून. मांडी माझी आहे. तिथं मी कुणालाही या म्हटलेलं नाही. इथं तरी माझी पोरगी मधोमध झोपेल, असं वाटलं.

तिला झोप लागली. मलाही डुलकी आली असेल.

मग...

ती सरकली. झोपेतच. मी मधे ओढून घेतलं. पुन्हा सरकली. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढायला गेले तर ती जागची हलेना. मधे काहीतरी होतं.

माझी रिकामी मांडी जड होत होती. ऊबदार लागत होती. लेकरू झोपल्यावर पायाला मुंग्या येतात, तशा यायला लागल्या.

"अंकिता," मी कुजबुजले. "ये इकडं. आईजवळ ये, बाळा."

तिनं डोळे उघडले नाहीत. झोपेतल्या, शहाण्या आवाजात म्हणाली,

"बसू दे गं त्याला, आई. मी उतरते."

हे मी एका हातानं मोबाइलवर लिहितेय. दुसऱ्या हातात कालपासून तिचा फ्रॉक घट्ट धरून ठेवलाय.