कनकाची आंबील

डोळे मिटा बरं क्षणभर. समजा, तुम्ही चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोर स्टेशनच्या पुलावर उभे आहात. जुलैतला रविवार. एका बाजूनं समुद्राचा खारा वारा येतोय, दुसऱ्या बाजूला वीज केंद्राच्या उंच चिमण्या आहेत. आणि पुलाच्या पायऱ्या चढत समोरून कडुनिंबाचं एक झाड येतंय... चक्क चालत! दिसलं? मग ऊर्मी का दचकली, ते वेगळं सांगायला नको.

"अगं बाई, झाड चालतंय!" ती स्वतःशीच पुटपुटली.

"चालतें की," झाड मराठीत म्हणालं. "बोलतें पण. जरा वाट द्या."

पानं बाजूला झाली. मागून घामेजलेला, सावळा, हसरा चेहरा निघाला. खांद्यावर कडुनिंबाच्या फांद्यांचा हा एवढा भारा.

ऊर्मीचे गाल तापले. तिचं सारं आयुष्य ऑकलंडमध्ये गेलेलं. आईबाबा मूळचे नागपूरचे, म्हणून घरात मराठी. पाठीवर पिशवी टाकून ती भारत बघायला निघाली होती, आणि चेन्नईच्या हॉस्टेलवर तिला दोन सोबती मिळाले होते: जर्मनीची लेना आणि चिलीचा तोमास. मैत्री चारच दिवसांची, पण गप्पा चार वर्षांच्या. आज एन्नोरची खाडी बघायची आणि दुपारच्या बसनं पाँडिचेरी गाठायची, असा तिघांचा बेत होता.

"तुम्ही मराठी... आणि इथे?" तिनं विचारलं.

"साडेतीनशे वर्षे झाली येऊन," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "म्हणजे मी नव्हे. आमचे पूर्वज. तंजावुरास आले, तेथेच राहिले."

"आणि मराठी अजून संपली नाही?"

"पुरवून पुरवून वापरतों."

ती खळखळून हसली. तोमासनं लेनाकडे पाहून भुवया उंचावल्या.

त्याचं नाव विजयेंद्र. तिथल्याच सरकारी शाळेत तो गणित शिकवायचा. "माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी आज सण आहे," तो म्हणाला. "मासेमारांची वस्ती. खाडी तेथूनच दिसते. येणार?"

"झाडानं बोलावलं तर नाही कसं म्हणायचं?"

ऊर्मीनं अर्धा भारा स्वतःच्या हातात घेतला. "शिक्षकांना फांद्या वाहायचं काम कोण देतं?" तिनं विचारलं.

"विद्यार्थी. गृहपाठाचा सूड घेतात."

वाटभर असंच चाललं होतं. मध्येच त्याची नजर तिच्याकडे वळायची, आणि ती बघतेय म्हटल्यावर झटकन चिमण्यांकडे जायची. बिचाऱ्या चिमण्यांकडे इतक्या वेळा कुणीच पाहिलं नसेल!

वस्ती आली आणि ऊर्मीची पावलं मंदावली. पत्र्याची छपरं, त्यांवर विटा ठेवून दाबलेलं प्लास्टिक. भिंतीशी फाटक्या जाळ्यांचे ढीग. साऱ्या गल्लीला मिळून एक नळ, आणि त्यापुढे रंगीत घागरींची रांग. असं काही तिनं आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं. पडद्याला वास नसतो. पडद्यावरची माणसं आपल्याकडे वळून बघत नाहीत.

विजयेंद्रला कुणीतरी सणाच्या मंडपाकडे हाक मारली. "आलोंच," म्हणत तो फांद्या बांधायला धावला.

एका झोपडीपुढे माणसं हातात भांडी घेऊन उभी होती. मोठ्या मडक्याशी आठेक वर्षांची मुलगी. केस अगदी बारीक कापलेले, हात काडीसारखे, आणि त्या हातात तिच्याहून जड वाटणारा डाव. एकेकाला ती काहीतरी करडं, दाट पेय वाढत होती. लेनानं पेला घेतला, घटाघट प्याली आणि निर्लज्जपणे आणखी मागितलं. तोमासनंही तेच केलं.

ऊर्मीनं मात्र हात पुढे केला नाही. निघताना बाबांनी बजावलं होतं, 'तिथल्या गरिबांकडून काही घेऊ नकोस हं. देऊन ये.' ही रांग, ही उपाशी दिसणारी पोर... आणि आपण त्यांच्यातलं प्यायचं? मुलीनं पेला भरून पुढे केला. ऊर्मीनं तो घेतला, अलगद पुन्हा मडक्यात ओतला आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला.

"तूच खा हं, राजा," ती मायेनं म्हणाली.

मुलीचा डाव हवेतच थांबला. दारातली म्हातारी घाईनं एक पाऊल पुढे आली. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण चांगलं काम केलं, असं वाटून ऊर्मी वळली. मंडपापाशी विजयेंद्र शिडीवर होता, भोवती दहा माणसं. तिनं लांबूनच हात हलवला. त्याला दिसला की नाही, कोण जाणे.

स्टेशनवर तिनं तीनदा मागे पाहिलं.

"त्याला नंबर तरी द्यायचास," लेना म्हणाली.

"झाडाला कोण नंबर देतं?" ऊर्मी हसली खरी, पण ते हसू काही जमलं नाही.

आणि तेवढ्यात तो आला. पूल उतरून, धापा टाकत, केसांत कडुनिंबाची पानं अडकलेली. ऊर्मी हसत पुढे झाली... पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ऊर्मी, रागावूं नका. पण कनका काही खात नाही."

"कोण कनका?"

"मघा वाढत होती ती, माझी विद्यार्थिनी. दोन महिन्यांपूर्वी तिला डेंगू झाला. अकरा दिवस इस्पितळात होती. पाट्टीने, म्हणजे तिच्या आजीने, नवस बोलला. पोर उठली, तर आडी महिन्यात, म्हणजे या महिन्यात, दारी येईल त्या प्रत्येकास तिच्या हातची आंबील. सगळे प्याले, की शेवटी ती. पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. म्हणते, एक पाहुणी न पितां गेली, मी कशी पिऊं?"

"पण ती रांग... मला वाटलं..."

"शेजारी होते. पोस्टमन होता, मीही सकाळी दोन पेले प्यालों. गरीब आहेत, खोटें कशास सांगू? नाचणी जमवायला पाट्टीने सहा आठवडे दुसऱ्यांची मासळी साफ केली. पण आज तेथे मागणारे कोणी नव्हते. सगळे पाहुणे होते."

"आणि मी तिच्या हातचं मडक्यात परत ओतलं!" तिचे डोळे भरले. "तुम्ही आधी सांगायचं ना!"

"माझीच चूक." तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही मराठी बोलत होतां... घरच्याच वाटलां. घरच्या माणसास कोण सांगतो?"

गाडी आली. दारं गर्दीनं भरली. लेनानं ऊर्मीला हलकेच मागे ढकललं. "तू जा. पाँडिचेरीची बस उद्याही असते," असं म्हणून ती तोमासबरोबर गाडीत चढली.

शेअर रिक्षात दोघं कोंबून बसली. मध्ये कुणाची तरी माशांची टोपली.

"तिला काही होणार नाही ना? आत्ताच आजारातून उठलीय..." ऊर्मीनं विचारलं.

"पाट्टी जवळ आहे." त्यानं टोपलीवरून हात पुढे केला, आणि तिनं तो घट्ट धरला.

"उद्या जाणार मग?" त्यानं विचारलं.

"नाही."

"परवा?"

"माहीत नाही... तुम्ही गणितवाले. तुम्हीच उत्तर सांगा."

"गणितात उत्तर आधी धरून चालत नाहीत." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी मात्र सकाळीच धरून बसलों. पुलावर."

ऊर्मीनं हात सोडला नाही, आणि कधी कधी त्याहून स्पष्ट बोलताही येत नाही.

झोपडीपुढची रांग संपली होती. कनका मडक्याला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. बिस्किटांचा पुडा उंबऱ्यावर तसाच, न फोडलेला. पाट्टी पदरानं तिला वारा घालत होती.

ऊर्मी मातीतच बसली. "चुकले गं मी. मला कळलंच नाही. देशील मला? अजून उरलीय का?"

विजयेंद्र तमिळमध्ये सांगायला लागला, पण कनकानं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. ती उठली, डोलली, सावरली आणि दोन्ही हातांनी डाव उचलला. पेला काठोकाठ भरला.

आंबट, गार, मिठाची, मध्ये कच्च्या कांद्याचे तुकडे. ऊर्मी प्याली. शेवटच्या घोटापर्यंत प्याली. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं, असं तिनं नंतर सर्वांना सांगितलं. कुणीच मानलं नाही.

पाट्टी बोळक्या तोंडानं हसली आणि विजयेंद्रकडे बघून काहीतरी म्हणाली. तो एकदम मंडपाकडे बघायला लागला.

"काय म्हणाल्या?"

"कांही नाही."

"सर, खोटं बोलायचं नसतं."

"म्हणते... पुढल्या वर्षी आडीस दोघें मिळून या."

"मग सांग ना त्यांना," ऊर्मी हळूच म्हणाली, "येऊ म्हणावं."

त्यानं सांगितलं. सांगताना त्याचं तमिळही अडखळलं.

पण कनकाचं लक्ष होतं कुठे या दोघांकडे! तिनं मडक्यात वाकून पाहिलं, उरलेली आंबील पेल्यात ओतून घेतली आणि डोळे मिटून एका दमात पिऊन टाकली. ओठांवरची करडी मिशी मनगटानं पुसली. मग रिकामा पेला पाट्टीपुढे धरला आणि गल्लीत दुमदुमेल अशा आवाजात आणखी मागितलं.