महिनाभराचं विरजण

रविवारी सकाळी मालनताई चौगुले दारातल्या पायरीवर पातेलं घेऊन बसायच्या आणि पेठेतले मासे पाळणारे आपापल्या बरण्या पुढे करायचे. ताई पाण्यातून काढलेला काळपट स्पंज पिळायच्या, बरणीत मातकट पाणी पडायचं आणि घेणारा ते तीर्थ असल्यागत जपून घरी न्यायचा. गावात याला विरजण म्हणत. नव्या टाकीला जुन्या टाकीचं विरजण लावलं की मासे मरत नाहीत. आता विरजणाचे कुणी पैसे घेतं का? मालनताईंनी अकरा वर्षांत एक रुपया घेतला नव्हता.

बाहेर मात्र दिवस असे आले होते की, पाणी विकत घ्यायची सवय झालेले लोक आता पाण्यातली घाणही विकत घेऊ लागले होते. अच्छोद नावाच्या कंपनीनं टाक्यांसाठी एक निळी डबी काढली होती. आत भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि गोळ्यांवर प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू. एरवी नव्या टाकीचं पाणी माशांना मानवायला पाच-सहा आठवडे लागायचे, ते काम ही डबी दोन दिवसांत करायची. फक्त तीस दिवस भरले की लाल दिवा लागायचा, डबीला जोडलेला पंप बंद पडायचा आणि नवी डबी घातल्याशिवाय काही केल्या सुरू व्हायचा नाही. डबीची किंमत टाकीतल्या माशांहून जास्त. नाव संस्कृत आणि नियत खिसेकापूची, असं ताई चारचौघांत म्हणत.

त्यांचा स्वतःचा उपाय फुकटातला होता. पाण्याच्या वीस लिटरच्या जुन्या कॅनमध्ये फुटक्या कौलांचे तुकडे, भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, वर स्पंज आणि हवेचा साधा पंप.

"फिल्टर म्हंजे गाळणी न्हवं," त्या नवख्यांना सांगायच्या, "चाळ हाय ती. माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे जंतू तिच्यात ऱ्हात्यात. त्यास्नी खोल्या द्या, बास. संगमरवरी खोलीच पायजे असं त्यांचं काय म्हणणं न्हाई."

अशा कौलांच्या चाळींवर त्यांच्या अठरा टाक्या चालायच्या आणि अठरा टाक्यांवर घर. त्यातल्या सहा टाक्यांत 'हळदी' होती, ताईंनी माशांच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेली, ओल्या हळदीच्या रंगाची, मोली जातीची मासळी. ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. नवरा गेल्यावर ताईंनी जे काही उभं केलं, ते म्हणजे ही मासळी.

एका मंगळवारी दुपारी जेवून उठल्या, तर सगळ्या टाक्यांतले मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते. ताई पूर्वी रंगाच्या कारखान्यात पाणी तपासायच्या कामाला होत्या. त्यांनी नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. अमोनिया! काल संध्याकाळी नावालाही नव्हता. तेवढ्यात फोन सुरू झाले. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी विरजण नेलं होतं, त्यांचेही मासे वर आले होते, कुणाचे आज, कुणाचे काल.

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या नसीमा बागवान ताईंच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी कौलाचा तुकडा खरवडून नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच परत आल्या.

"मालनताई, तुमचे जिवाणू आजारी पडून मेले नाहीत. सगळे एका वेळी फुटलेत. कुणीतरी हुकूम सोडावा तसे."

"हुकूम कुणाचा, मॅडम?"

"त्यांच्याच आतल्या घड्याळाचा. प्रत्येक जिवाणू पाण्यात एक रसायन सोडत राहतो. महिनाभरात ते पुरेसं साठलं की सगळे स्वतःला फोडून घेतात. हे निसर्गातलं नाही. हे अच्छोदचं आहे. तुमच्याकडे त्यांची डबी कधी आली होती का?"

डबी आली होती. तीन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकानं मुदत संपलेली डबी कचऱ्यात टाकायला काढली होती. आतल्या चांगल्या गोळ्या फेकायच्या कशाला, म्हणून ताईंनी ती मागून घेतली, हातोडीनं फोडली आणि गोळ्या धुऊन विरजणाच्या कॅनमध्ये ओतल्या. त्याच कॅनमधलं विरजण त्या आपल्या टाक्यांना लावत होत्या आणि दर रविवारी गावाला वाटत होत्या.

"पण ते जंतू तर डबीतच मेले हुते!"

"थोडे उरले असणार. आणि जिवाणू शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपली जनुकं देतात. यांचं भराभर अमोनिया खायचं जनुक आणि हे मरणाचं घड्याळ कंपनीनं एकाच धाग्यात ओवलंय. वेगाच्या लोभानं तुमच्या कौलांवरच्या जिवाणूंनी अख्खा धागा घेतला. तो सगळ्यांत पसरायला दोन महिने गेले, मग घड्याळ सुरू झालं. आता उरलेसुरले पुन्हा वाढतील आणि महिन्यानं पुन्हा मरतील."

ताईंना रडू आलं नाही, संताप आला. स्वतःचाही आला. त्या दिवसभर बादल्यांनी पाणी बदलत राहिल्या. हळदीच्या सहा टाक्यांतले छत्तीस मासे वाचले, ते एका पिंपात आले. त्यांना जगवायचं तर शुद्ध विरजण हवं होतं. जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं, तर बहुतेकांनी कधीच निळी डबी बसवली होती आणि उरलेल्यांनी मासे पाळणं सोडलं होतं. शेवटी नसीमाबाई म्हणाल्या, "सांडपाण्याच्या प्लांटमध्ये हेच जिवाणू टनावारी असतात. तिथून आणू."

दोघी गेल्या, बाटली भरून आणली. नसीमाबाईंनी ती तपासली. तिथंही घड्याळ होतं. घराघरांतल्या टाक्यांचं गढूळ पाणी मोरीत ओततात आणि मोरीचं पाणी प्लांटमध्ये जातं, याचा डबी विकणाऱ्यांपैकी कुणी विचारच केला नव्हता.

मेलेल्या माशांचा बोभाटा कंपनीपर्यंत गेला आणि शनिवारी तिचा माणूस आला. देवस्थळी नाव, अर्धे केस पिकलेले, बोलणं मऊ. पिंपात तोवर अकरा मासे उरले होते.

"बाई, आपण आमचा नोंदणीकृत जीव विनापरवाना वाटलात. ही नोटीस आहे. सही केलीत तर पुढं काही होणार नाही."

"मी वाटला?" ताईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तुमचा जीव माझ्या घरात शिरला, माझ्या जंतूंना मरायला शिकवलं, माझी अकरा वर्सांची मासळी मारली, आणि चोर मी? तुमचा हाय न्हवं? मग वेचून घिऊन जावा की सगळा! एक ठिवू नगासा!"

"डबी फोडायची नाही, असं वर छापलेलं असतं."

"आणि ते घड्याळ?" नसीमाबाईंनी विचारलं. "ते कशासाठी घातलं?"

"सुरक्षेसाठी, मॅडम. मुदतीनंतर जिवाणू बाहेर पसरू नयेत म्हणून."

नसीमाबाईंनी प्लांटच्या तपासणीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. माणूस दचकेल, निदान घाम पुसेल, असं ताईंना वाटलं होतं. त्यानं कागद शांतपणे वाचला, टॅब काढला आणि एक चित्र दाखवलं. त्यात डबीसारखंच, पण टँकरएवढं निळं पिंप होतं.

"नगरपालिकांसाठी आलंय नवीन," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा बदलायचं. बऱ्याच ठिकाणी बोलणी सुरू आहेत."

मालनताईंनी हातातली नोटीस फाडली, तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"प्लांटमधलं पाणी म्होरं नदीत जातंय, म्हाईत हाय का? सांगा की, नदीला केवढं पिंप बसवणार हायसा?"

देवस्थळी हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं टॅबवर एक नवं पान उघडलं.

"कोणती नदी?" त्यानं विचारलं.