सात नंबरची बाटली

चिखलीहून आलेली एस.टी. बुलढाण्याच्या स्टँडात शिरली आणि उतरायच्या गर्दीत भार्गवीचा चष्मा नाकावरून निसटला. उरलेलं काम कुणाच्या तरी वहाणेनं केलं. चष्म्याविना चार हातांपलीकडे तिला सगळं धूसर. समोरच्या चष्म्याच्या दुकानात ती अंदाजानंच शिरली आणि काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "भाऊ, एवढी काडी बसवून द्या ना."

"मॅडम, ते पोस्टर हाय," डावीकडून आवाज आला. "मी इकडं हावो."

ते 'भाऊ' पोस्टरला गेलं हे बरंच झालं, असं पुढे दोघांनाही वाटायचं होतं.

आवाज उद्धवचा होता. रोहिणखेडच्या शेतकऱ्याचा मुलगा. काचा घासायचं काम शिकला आणि बुलढाण्यात दुकान टाकून बसला. त्यानं जुन्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवल्या, चष्मा तिच्या कानांवर हलकेच टेकवला, आणि भार्गवीला पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो त्याचा चेहरा. नाकाच्या शेंड्यावर गुलाबीसर पावडर.

"काय पाहून राह्यल्या?"

"तुम्ही पावडर लावता?"

"काच चमकवायची हाय ती. चेहरा आहे तसाच हाय आपला!"

ती हसली. तो लाजला. आठ दिवसांनी काडीचा स्क्रू सैल झाला आणि ती पुन्हा आली. मग दर आठवड्याला स्क्रू सैल होऊ लागला. इतका नेमाचा स्क्रू अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

स्क्रू पिळता पिळता बोलणं व्हायचं. भार्गवी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. मिथेन वायू खाऊन जगणारे जिवाणू वाढवायचे, हे तिचं काम.

"मंजे गोबरगॅस खाणारे?" उद्धवनं विचारलं.

"तोच. तुमच्या रोहिणखेडच्या नाल्यातला गाळ आणलाय मी."

"मंग आमच्या गावचेच की! मजेत असतीन."

"गाळात असतात. माझ्या बाटलीत उपाशी मरतात. गॅस समोर असतो, पण खातच नाहीत..."

तिचा आवाज उतरला. मार्गदर्शक शरयू मॅडमनी मुदत दिली होती. महिनाअखेरपर्यंत जिवाणू वाढले नाहीत तर विषय बंद. मग चिखलीला परत जायचं. तिथे वडिलांनी शाळेतली नोकरी बघून ठेवली होती. उद्धवनं हे ऐकलं आणि हातातला स्क्रू तो उगाच उलटसुलट फिरवत राहिला.

एकदा ती एक बाटली घेऊन आली. काठाचा टवका उडाला होता, रबरी बूच नीट बसत नव्हतं, गॅस निसटत होता. "काठ घासून द्याल? आणि नंतर या पाण्यानं तीनदा विसळा. डिस्टिल्ड आहे. नळाचं अजिबात नको हं!"

"बिलकुल नाई," उद्धव म्हणाला.

त्याच बाटलीवर तिनं सातचा आकडा घातला. दहा दिवसांनी बारा बाटल्यांतली तेवढी एकच गढूळ झाली होती. जिवाणू वाढले होते! भार्गवी पेढे घेऊन दुकानात आली. उद्धवनं पेढा घेतला, पण न खाताच काउंटरवर ठेवून दिला.

दोन आठवड्यांनी ती आली ती उतरल्या चेहऱ्यानं. चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाली, "पुन्हा करून बघितलं. नव्या बाटल्यांत काही नाही. मॅडम म्हणतात, सातमध्ये बाहेरचं काहीतरी गेलं असेल. शुक्रवारी विषय बंद."

उद्धवनं चष्मा हातात घेतला आणि खाली ठेवला. सांगितलं तर ही पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही. नाही सांगितलं तर शुक्रवारी चिखलीला जाईल. दोन्हीकडून ती जाणारच होती; मग निदान खरं बोलावं.

"मॅडम... ते पाणी म्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकलं."

"काय?"

"पाणी कमी झालं होतं बॅटरीत. गिऱ्हाईक बसलेलं. बाटली म्या नळाखाली धरली, एकदाच. आतमंदी पावडर राह्यली असंन. तुमचं काम म्या बिघडवलं."

भार्गवीचा चेहरा लाल झाला. विश्वासानं दिलेलं काम, आणि हा माणूस...! ती बोलायला गेली आणि मध्येच थांबली.

"कुठली पावडर?"

त्यानं डबा पुढे केला. डब्यावरचं बारीक अक्षर तिनं चष्म्याविना, अगदी नाकाशी धरून वाचलं. सेरियम. लॅन्थॅनम.

"अहो, ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं!" ती जवळजवळ ओरडलीच. "नाव दुर्मिळ, पण गावच्या काळ्या मातीतही कणभर असतात. मिथेन खाल्ला की त्याचं मिथेनॉल होतं. काही जिवाणूंना ते पचवायला हीच लागतात. नसली तर अन्न पुढ्यात असून उपाशी! मी बाटल्या इतक्या स्वच्छ धुतल्या की त्यांच्या वाटणीचं तेवढंही ठेवलं नाही..."

चष्मा न घेताच ती पळाली. उद्धव तो घेऊन मागे धावला आणि दारात गाठून तिच्या हातात दिला.

शरयू मॅडमनी शुक्रवार पंधरा दिवस पुढे ढकलला. सहा बाटल्यांत शुद्ध लॅन्थॅनमचा थेंब, सहा तशाच. लॅन्थॅनमच्या सहाही गढूळ झाल्या. बाकीच्या पाण्यासारख्या नितळ राहिल्या. विषय वाचला.

त्याच संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. ओढणीनं काचा पुसत तिनं सगळं सांगितलं.

"मंग आता... जाऊन नाई राह्यल्या चिखलीले?"

"नाही."

उद्धवनं श्वास सोडला. "आणखी एक चूक सांगून टाकतो. तुमचा स्क्रू म्या कधीच पुरता पिळला नाई. अर्धाच पिळत होतो. तुम्ही याव्या म्हणून. मले तुम्ही लई आवडता, भार्गवी."

पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं. भार्गवीनं पर्समधून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर.

"प्रयोगशाळेतला आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ आहे."

उद्धवला कळायला अंमळ वेळच लागला. मग त्यानं तो उचलला, आपल्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

"राहू द्या इथंच," तो म्हणाला. "तुम्ही याच."