सुसाट बाळंतीण

"वेग वाढला म्हणून खूश होऊ नका. आधी विचारा, कमी काय झालं?" सरकपाट हातात देताना घर्षणशाळेच्या डॉ. मुकादमबाईंनी शर्वाणीला बजावलं होतं. पण तेव्हा तान्हा निमिष दुपट्यात कोकलत होता. तिने घाईने मान डोलावली आणि बाहेर पडल्या पडल्या विसरूनही गेली.

सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, या गावात चाकं नव्हती. तुळतुळीत रस्त्यावर माणसं जेवणाच्या पाटासारख्या फळीवर मांडी घालून बसत आणि सरकत. ढकलणारी शक्ती रस्त्याखालून येई, आणि ती सगळ्यांना अगदी सारखी. सरपंचाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. याला समशक्ती म्हणत, आणि गावाला तिचा कोण अभिमान! वेग मात्र सारखा नसे. अंगापिंडाने भरलेली माणसं डुलत डुलत जात, काटकुळी भुर्रकन. 'सुसाट आहेस' याहून मोठं कौतुक गावात नव्हतं.

निमिषला डोस द्यायला निघाली त्या सकाळी शर्वाणीने स्नेहलमावशींना मागे टाकलं. शेजारच्या स्नेहलमावशी म्हणजे गावातलं सगळ्यात किडकिडीत माणूस. त्यांच्या पुढे आजवर कुणी गेलं नव्हतं.

"बाळंतीण की बाण गं तू?" मावशी मागून ओरडल्या. "मानवलं हो बाळंतपण!"

नवऱ्याने, कैवल्यने, ते ऐकलं आणि भेटेल त्याला हसत हसत सांगत सुटला. शर्वाणी मात्र मनात हिशोब मांडू लागली. पाटावर बसणारे दोघंच. ती आणि मांडीवरचं बाळ. पाट सुसाट म्हणजे ओझं कमी. मग बाळ झिजतंय?

दवाखान्यातला काटा म्हणाला, बाळाचं वजन वाढलंय. तिने नर्सला पुन्हा पुन्हा तोलायला लावलं. काटा तेच म्हणत राहिला. पण काटा खोटं बोलेल, पाट बोलणार नाही, अशी गावात म्हणच होती. आता विश्वास कुणावर ठेवायचा? बाळाच्या मांड्या तर भरल्यासारख्या दिसतात. की आपल्यालाच तसं वाटतंय? ती त्याला सारखी पाजायला घेऊ लागली. तो झोपला की नाकाशी बोट धरून बसायची. ओट्यावर तिचं ताट झाकलेलं असायचं, ते तसंच निवून जायचं. आणि पाट रोज थोडा आणखी जोरात धावायचा.

शेवटी ती डॉ. मुकादमांच्या घर्षणशाळेत गेली. रस्ते आणि पाटांचे तळ तपासायची ती जागा.

"मॅडम, रस्त्याची शक्ती वाढलीय का? की माझ्या पाटाचा तळ गुळगुळीत झालाय?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही तपासलं. दोन्ही होतं तसंच होतं. मग त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. गव्हाचं पोतं फरशीवरून ओढताना जे मागे धरतं ते घर्षण. पोतं जितकं जड, तितकी ही ओढ जास्त. पाट एका चालीने सरकतो तेव्हा रस्त्याची सगळी शक्ती या ओढीला पुरं पडण्यातच खर्च होते. म्हणून शक्तीला घर्षणाच्या बळाने भागलं की वेग मिळतो. शक्ती तीच, तळ तोच आणि वेग वाढला, तर वजनच घटलंय. दुसरं काही असूच शकत नाही.

"म्हणजे बाळच ना?" शर्वाणीने निमिषला छातीशी धरलं.

"द्या त्याला इकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. निमिषला त्यांनी कडेवर घेतलं, अंदाजाने जरा वरखाली केलं. "चांगला गुटगुटीत आहे की. आता तुम्ही एकट्या बसा पाटावर."

ती बसली. बाळाचं ओझं उतरलं हे धरूनही पाट असा काही सुटला की अंगणाच्या टोकाची भिंत अंगावर आली. तिने घाबरून पाट थांबवायची दांडी ओढली. पाट थांबला तरी तिला काही कळेना. बाळ तर त्यांच्या कडेवर होतं, मग पाटावर हलकं झालं ते कोण?

डॉक्टरबाई हळूहळू चालत आल्या. "पोटभर कधी जेवलात?"

"तो दर दोन तासांनी पितो, मॅडम, रात्रीसुद्धा..."

"मी तुम्हाला विचारलं."

शर्वाणी आठवू लागली. आठवली ती ओट्यावर निवून गेलेली ताटं.

"समशक्ती केली तेव्हा वाटलं होतं, सगळ्यांना न्याय झाला," डॉक्टरबाई निमिषच्या टाळूवर हात ठेवून म्हणाल्या. "झिजणारं माणूस सगळ्यांच्या पुढे जाईल आणि लोक टाळ्या वाजवतील, हे नव्हतं ध्यानात आलं."

परतताना फाटकाशी स्नेहलमावशी भेटल्या. "काय सुसाट गं!" म्हणाल्या, आणि बाळाचं वजन विचारलं. बाळाचंच विचारलं.

तुमच्या गावात असे रस्ते नसतीलही. पण तुमच्या घरात, शेजारी, एखादी बाळंतीण असेल, सगळं भराभर उरकणारी, जिचं कौतुक करताना तुम्ही थकत नाही. आज जरा तिच्याकडे जाऊन या. बाळाला तुम्ही घ्या, ओट्यावरचं तिचं ताट उघडून बघा. आणि तिच्यासाठी पाट मांडा. न सरकणारा.