जुन्या झऱ्याची बाटली

भाची तपास करणाऱ्या बाईंकडे आली तीच रडवेली होऊन. तिच्या मावशीला खोटारडी ठरवलं होतं.

मावशीला सगळे पाणीबाई म्हणत. खोल जमिनीतलं पाणी हजारो वर्षांचं असतं, उपसलं की लवकर भरत नाही, हे त्यांनी तरुणपणी एका झऱ्याचं पाणी तपासून दाखवलं होतं. आधी लोक हसले. मग त्याच शोधावरून शहराच्या खोल विहिरींचा उपसा थांबला. पुढे झरा आटला. उरली त्याच्या पाण्याची एक लाखबंद बाटली. आता विहिरी पुन्हा उघडायचा घाट होता. जुना शोध पडताळायला नेमलेल्या समितीने बाटली उघडली, तर आत साधं नळाचं पाणी.

"मावशी तोंडातून ब्र काढत नाही," भाची म्हणाली.

या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, कारण कायम सोबत असणारा त्यांचा दीर तसं म्हणे. दोघं पाणीबाईंकडे गेली. दोन खोल्या, फळीवर जुन्या बाटल्या. भावोजी एक बाटली रुमालाने पुसू लागले.

"निघायचं नाही ते," पाणीबाई म्हणाल्या. "धूसरपणा आतून आहे. काच शेवटी वाळूचीच. पाणी वर्षानुवर्षं तिला चाटत राहतं."

पाण्याबद्दल त्या भरभरून बोलल्या; बाटलीबद्दल अवाक्षर नाही. घरी कोण येतं, असं वहिनींनी विचारलं. पूर्वी बरेच यायचे, त्या म्हणाल्या. आता फक्त प्रयोगशाळेचा संचालक, दर रविवारी. त्यांचाच विद्यार्थी.

प्रयोगशाळेत भांडारपालाने बाटली दाखवली. काच लख्ख, आरपार दिसणारी. चिठ्ठी मात्र पिवळी पडलेली, पाणीबाईंच्याच अक्षरातली. तो आपणहून सांगू लागला, की प्रयोगशाळेची जागा बदलली तेव्हा सगळं सामान ट्रकने आलं. ही एकच बाटली संचालकसाहेबांनी मांडीवर घेऊन आणली. कोणावर भरवसा नव्हता. आल्या दिवसापासून ती समितीच्या कुलपात होती. तपासणीनंतर पाणीबाई आल्या, रिकामी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली आणि न बोलता गेल्या.

विहिरी उघडा म्हणणारा संशोधक उद्धटपणे बोलला. बाटली आपण समितीसमोरच पहिल्यांदा पाहिली, असं त्याचं म्हणणं. समितीनेही दुजोरा दिला. संचालकांनी मोजकी उत्तरं दिली. शेवटी एवढंच विचारलं, "बाई वेळेवर जेवतात ना?"

"संशोधकच," बाहेर पडताच भावोजी म्हणाले. "फायदा त्याचाच."

"फायदा त्याचा, पण हात त्याचा नाही," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पाणीबाईंसमोर बसल्या. भाचीही होती.

"इतकी वर्षं पाणी राहिलेली बाटली आतून धूसर हवी. ही लख्ख आहे. म्हणजे नुसतं पाणी नाही, बाटलीच बदलली. डाव साधायचा असता तर कोणीही जुन्याच बाटलीत नळाचं पाणी भरलं असतं. नवी बाटली शोधून, लाखेने बंद करून तिच्यावर जुनी चिठ्ठी कोण डकवेल? ज्याच्या हातून जुनी फुटली तो. कुलपात जाण्याआधी ती एकाच माणसाच्या हाती एकटी होती. संचालकांच्या."

भावोजींनी कपाळावर हात मारला.

"तुम्ही ती उजेडात धरली, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं," वहिनी हळूच म्हणाल्या.

पाणीबाईंनी मान डोलावली. "घाबरला असेल. तो आपणहून सांगेल म्हणून थांबले. दर रविवारी वाटायचं, आज सांगेल. येऊन बसायचा, चहा गार करायचा, माझ्याकडे बघायचा नाही. विचारलं असतं तर पुन्हा आला नसता. मग या दाराची बेल वाजवणार कोण?"

"मी आहे ना, मावशी," भाची म्हणाली.

"आहेस गं."

"पण विहिरी उघडतील," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर." पाणीबाईंनी फोन उचलला. त्याला म्हणाल्या, "रविवारची वाट बघू नकोस. उद्या समितीसमोर जा. बाटली कशी फुटली ते सांग. रागावलेली नाही मी." पलीकडचं रडणं भाचीलाही ऐकू आलं.

त्याने सगळं सांगितलं. तपासलेलं पाणी झऱ्याचं नव्हतंच, म्हणून जुना शोध कायम राहिला; विहिरी बंदच राहिल्या, पाणीबाईंचं नाव धुऊन निघालं. त्याने राजीनामा दिला आणि शहर सोडलं.

रविवारी भाची आली. दोघी समोरासमोर बसल्या. पाण्याबद्दल काहीतरी विचारावं असं भाचीला फार वाटलं; पण काय विचारायचं, तेच तिला सुचेना.