अरविंदचा दहावा

रोहिणीचा वाढदिवस हा सिल्वासातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रोहिणी सोडून सगळ्यांचा सण असे. धुळ्याहून मावससासू येई, दीर आपल्या तिन्ही पोरांना घेऊन येई, आणि जिच्या नावाने हा सगळा गोंधळ, ती ओट्यापाशी उभी राहून वीस माणसांच्या पुऱ्या तळत असे. केक कापायला हाक आली की ती पिठाच्या हातानेच बाहेर यायची, टाळ्या व्हायच्या, एक घास तोंडात पडायचा आणि बाई पुन्हा कढईसमोर हजर.

सहलींचीही तीच गत. वाल्मिक, तिचा नवरा, जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. लग्नाच्या सोळा वर्षांत तो बायकोला घेऊन कुठे गेला नाही असं कुणी म्हणू नये. दमणला गेला, सापुताऱ्याला गेला. दमणला सात जण होते, सापुताऱ्याला अकरा. त्याच्या आईचं, भिमाबाईंचं म्हणणं साधं होतं, "दोनच मान्सं गेली तं करमनार कसं?" दमणच्या किनाऱ्यावर सूर्य बुडत होता तेव्हा रोहिणी सासूच्या गुडघ्याला तेल चोळत होती.

यंदा ती चाळीसची होणार होती. महिनाभर आधी तिने वाल्मिकला सांगितलं, "मला एक दिवस हवाय. तुमचा आणि माझा. नसेल जमत तर आत्ताच सांगा, म्हणजे मी पुन्हा मागणार नाही." आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच वाल्मिक घाबरला. बायको भांडते तोवर ठीक असतं. ती मागायची थांबली की संसारात नुसती भांडी उरतात, एवढं शहाणपण त्याला होतं. उणीव होती ती अकलेची. म्हणून त्याने एक माणूस मारला.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. "आई, रविवारी आम्हा दोघांना वापीला जावं लागेल. जुन्या कंपनीतला मित्र गेला माझा. नदीवर दहावा आहे."

"वाढदिवसाच्या दिशी दहावा?" भिमाबाई म्हणाल्या.

"मरणारा माणूस आपली कॅलेंडरं बघून मरतो का आई?"

"कोन व्हता?"

"अरविंद. अमळनेरकडचा." खोटं बोलणाऱ्याने इथे थांबावं, पण वाल्मिकला रंग चढला. "पूर्ण टक्कल होतं बघ. खांद्यावर सदानकदा पिवळा टॉवेल. डोकं दुखायचं त्याचं, कायम कपाळाला बाम चोपडलेला. तुझ्यासारखं भरीत कुणी केलं की रडायचा. एकटा होता बिचारा. मागे कोणी नाही."

भिमाबाईंचा घास हातातच राहिला. "कोनीच नई? मंग त्याले कावळा कसा शिवंल रे भाऊ?"

वाल्मिकने पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला. रोहिणी ताटात मान घालून हसू दाबत होती. पुढे तिला त्या हसण्याची लाज वाटली, पण ते पुढे.

रविवारी पहाटे घरभर वांगी भाजल्याचा वास होता. भिमाबाईंनी भरीत केलं, पुऱ्या केल्या आणि चार पुडांचा डबा रोहिणीच्या हातात दिला. "आधी त्याच्या नावानं ठेवजो. हात जोडजो. त्याची काय विच्छा असंल ती कबूल करजो, मंग तुमी खाजो." बारा वर्षांची गुड्डी दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, दहाव्याला लिपस्टिक लावतात?" रोहिणीने तिथल्या तिथे पदराने ओठ पुसले.

मोटरसायकल वापीच्या फाट्याला वळलीच नाही. ती रांधा गावावरून खानवेलकडे निघाली. कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या, साग सुरू झाला, आणि रोहिणीने सोळा वर्षांत पहिल्यांदा भर रस्त्यात नवऱ्याच्या कमरेला हात घातला. तिला इतका आनंद झाला होता की खड्डेसुद्धा आवडत होते.

दुधनीच्या तळ्याकाठी चार खोल्यांचं एक विश्रामगृह होतं. सांभाळायला भिका नावाचा पन्नाशीचा माणूस. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दोघं काठाकाठाने फिरली, वाल्मिकने तिचे फोटो काढले आणि प्रत्येकात तिचं डोकं कापलं, त्यावरूनही ती हसली. दोनच्या सुमाराला पोटात कावळे ओरडू लागले. भिका म्हणाला, जेवण व्हायला अजून तास लागेल. मग वाल्मिकने व्हरांड्यातल्या टेबलावर डबा उघडला.

"आधी थोडं बाजूला काढायचं का?" रोहिणीने विचारलं.

"कुणासाठी? मीच जन्माला घातला, मीच मारला. त्याचं काय ठेवायचं?" आणि त्याने पुरीत भरीत गुंडाळून तिला पहिला घास भरवला. आता यानंतर कुठली बाई कुणाचं पान काढत बसेल! दोघांनी मन लावून खाल्लं. तळाला बोटभर भरीत आणि अर्धी पुरी उरली.

तेव्हा रोहिणीच्या लक्षात आलं की आवाज बंद झालेत. तळ्यावर मघापासून वारा होता, तो थांबला. झाडीतल्या साळुंक्या गप्प झाल्या. समोरच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मग दुसरा. पाहता पाहता अकरा-बारा झाले. एकही ओरडत नव्हता. सगळे डब्याकडे बघत होते, पण जवळ येत नव्हते.

"उष्टं टाकलं तरी खात नाहीयेत," वाल्मिक म्हणाला. त्याने टाकलेला पुरीचा तुकडा कठड्याखाली तसाच पडला होता.

आणि भर उन्हात, भरिताच्या वासातून वाट काढत, दुसरा एक वास आला. थंड, नाकात चढणारा. रोहिणीने ओळखला. वाल्मिकनेही ओळखला.

भिका ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये तीन चहा होते.

"दो बोला था ना, भाई?" वाल्मिक म्हणाला.

"तीसरे साहब ने बोला, मेरा भी लाना."

"कौन... तीसरे साहब?"

"जो आपके साथ आए. अंदर हाथ धो रहे हैं." आत खरोखरच नळ वाहत होता. "मैंने नॅपकिन दिया, तो बोले, टॉवेल है मेरे पास."

वाल्मिकने मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं. "टॉवेल... कौन से रंग का?"

"पीला," भिका म्हणाला. "साहब, बुरा मत मानना, धोने जैसा हो गया है." आणि तो तीन कप मांडून निघून गेला.

आतला नळ बंद झाला.

"अहो..." रोहिणी कुजबुजली.

"पण मी त्याला... असा कोणी नव्हताच गं... शप्पथ..."

तिसरी खुर्ची वेताची होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, पण वेत कुरकुरला आणि बैठक मध्यभागी हळूहळू दबली. वाल्मिकने पाय उचलून खुर्चीवर घेतले, शाळेतल्या पोरासारखे. बामाचा वास आता हातभर अंतरावर होता.

रोहिणी घाबरली होती. पण ती भिमाबाईंची सून होती, आणि आज सकाळी आपल्याला काय बजावलं होतं ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तिने सागाचं एक पान तोडून आणलं, उरलेली अर्धी पुरी आणि बोटभर भरीत त्यावर ठेवलं, पान कठड्यावर मांडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मारलंय, तुम्ही कबूल करा."

वाल्मिकने हात जोडले. "अरविंदभाऊ, तुमचं श्राद्ध घालीन." कावळे ढिम्म. "नाशिकला जाऊन घालीन." ढिम्म. "यापुढे खोटं बोलणार नाही." यावर तर दोन कावळ्यांनी तोंड फिरवलं. "नवा टॉवेल घेईन." एकाने जरा मान वाकडी केली, पण तेवढंच.

खुर्ची पुन्हा कुरकुरली. रोहिणीला वाटलं, हा माणूस रडतोय. आवाज नव्हता, काही नव्हतं, तरी वाटलं. एकटा, मागे कोणी नसलेला, ज्याच्या नावाच्या पुऱ्यासुद्धा दुसऱ्यांनी खाल्ल्या. तिचं मन कळवळलं. आपणही सोळा वर्षं एवढंच तर मागत होतो, की कुणीतरी आपल्यासाठी पान मांडावं. तिने पदर डोक्यावर घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "आमच्याकडे या. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला. मी तुमचं पान मांडून ठेवीन."

कावळा शिवला. एकदम झडप घालून, पुरीसकट पान घेऊन उडाला. वाल्मिकने कारखान्यातल्या सवयीने घड्याळ पाहिलं. साडेतीन. खुर्चीची बैठक सरळ झाली. तिसरा कप मात्र तळापर्यंत रिकामा होता.

फिरणं-बिरणं सगळं राहिलं. दोघांनी गाडी काढली. पण सकाळी मजेत चढ चढलेली गाडी आता धापा टाकत होती. "हवा कमी आहे वाटतं चाकात," वाल्मिक म्हणाला. रोहिणीच्या पाठीला मागून गार लागत होतं, आणि ती सीटवर शक्य तितकी पुढे सरकून बसली होती.

खानवेलच्या पुढे एका हवालदाराने शिट्टी मारली. "ए, तीन सवारी! साइड में लो." गाडी थांबली. तो हात उगारतच जवळ आला आणि अर्ध्यावर थबकला. त्याने दोघांना मोजलं. पुन्हा मोजलं. मागचा सरळ, मोकळा रस्ता पाहिला. "तीसरा कहाँ उतरा?"

"कोई नहीं था, साहब," रोहिणी म्हणाली.

हवालदाराने गळ्यातला ताईत मुठीत धरला. "जाओ," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "धीरे जाओ."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दार उघडलं तर फुगे, झिरमिळ्या आणि सगळं गणगोत. भिमाबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. त्यांनी सुनेला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि विचारलं, "भरीत बरं झालं व्हतं का?"

रोहिणीला रडूच फुटलं. "आई, आम्ही खोटं बोललो. दहावा नव्हता. अरविंद म्हणून कोणी नव्हताच. आम्ही फिरायला गेलो होतो."

"ते मले ठाव नई का?" भिमाबाई म्हणाल्या. "हा खोटं बोलतो तव्हा लई तपशील सांगतो. पहिलीपासून. म्हनलं, जाऊ दे, एक दिस तं जाऊ दे पोरीले. भरीत तुमच्यासाठीच केलं व्हतं."

"मग त्याच्या नावानं ठेव असं का सांगितलंत?"

"खोट्याले खोट्यानंच उत्तर देवा लागते." सगळं घर हसलं. वाल्मिकही हसला, जरा जास्तच मोठ्याने. रोहिणीच्या छातीवरचा धोंडा उतरला. ऊन लागलं असेल, भिका दारू पीत असेल, चाकात हवा कमी असेल. आज तिला कुणी ओट्यापाशी जाऊ दिलं नाही. पुऱ्या दीर तळणार होता. चाळीस वर्षांत एवढं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

गुड्डी केकवर मेणबत्त्या लावत होती तेव्हा रोहिणीचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"आत्ता ह्याच नंबरावरून फोन आल्ता," एका म्हातारीचा खरखरीत आवाज म्हणाला. "'माय, पोचलो', एवढंच म्हने न्‌ ठेवला. कोन बोललं वो?"

"कोण हवंय आजी तुम्हाला?"

"मी अमळनेरहून बोलते. माझा अरविंद... आज दहावा व्हता त्याचा. सकाळपासून कावळा शिवेना. समदी कबूल करून थकली. साडेतीनले एकाएकी शिवला." म्हातारी श्वास घ्यायला थांबली. "तुमच्याकडं पोचला म्हंजे तुमीच कबूल केलं. काय कबूल केलं बाई त्याले?"

रोहिणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "दर वर्षी... माझ्या वाढदिवसाला घरी या म्हटलं."

मग म्हातारी म्हणाली, "मी माय असून चौदा वर्सं त्याले उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. तुमी घेतलं... बरं झालं बाई. आज मी कडी न लावता निजते." आणि फोन बंद झाला.

"कोणाचा गं?" वाल्मिकने विचारलं.

रोहिणीने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. धुळ्याची मावशी होती, दीर होता, त्याची तीन पोरं, गुड्डी, सासूबाई. ती उठली आणि भिमाबाईंचा हात तिने घट्ट धरला. "आई, पुढच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनी इथेच यायचं. आणखी कोणी असतील तर त्यांनाही बोलवा. मला एकटीला सोडून कुणी कुठे जायचं नाही."

भिमाबाईंचे डोळे भरून आले. "पाहा," त्या मावशीला म्हणाल्या, "मी म्हनत नव्हती? दोन मान्सांत काय करमते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि लांबून आलेला माणूस पितो तसे पाण्याचे मोठमोठे घोट ऐकू आले. घरातले सगळे बाहेरच्या खोलीत होते.