शालनबाईंचे अकरा किलो

सावलीपाड्यात माणसाचं वजन ही त्याची खासगी गोष्ट नव्हती. चंद्राच्या दक्षिण टोकाला, एका विवराच्या काठाखाली वसलेल्या त्या वस्तीत दर महिन्याला प्रत्येकाने दवाखान्यातल्या डुलत्या खुर्चीत बसायचं. खुर्ची स्प्रिंगवर मागेपुढे हलायची. जितकी सावकाश हलेल तितका माणूस जड. शालनबाई दुधाणे बसल्या की ती पाळण्यासारखी संथ डुलायची, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक ते पाहून पटकन दुसरीकडे बघायचे. बाईंना त्यांचं ते दुसरीकडे बघणंच जास्त लागायचं.

पृथ्वीवरून माल येणं बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती. पाणी विवराच्या सावलीतल्या बर्फातून मिळे, प्राणवायू खडकातून. अडचण होती ती कर्बाची. पीठ, तेल, पानं, कातडी, केस, सगळ्याच्या मुळाशी कर्ब असतो आणि चंद्राच्या मातीत तो नावालाच सापडतो. चारशे सहा माणसं आणि त्यांना पोसणारे शेतीचे मजले यांच्यात जेवढा कर्ब होता तेवढाच गोल गोल फिरत होता. नवं माणूस जन्माला यायचं तर ते पुरतं वाढेपर्यंत लागणारा सगळा कर्ब आधी कुणाच्या तरी अंगातून सुटायला हवा. या सुटलेल्या वाट्याला वस्तीत ‘मोकळीक’ म्हणत. मोकळीक पुरी झाल्याशिवाय मूल होऊ द्यायचं नाही, असा नियम होता.

या वर्षी रेवती साळुंकेचा नंबर लागला होता. ती एकेचाळीस वर्षांची होती, तेलाच्या घाण्यावर नऊ वर्षं शालनबाईंच्या हाताखाली काम करत होती, आणि तिची परवानगी वर्षअखेरीस संपणार होती. पुन्हा मिळण्याचं तिचं वय नव्हतं. तिच्यासाठी सात जणांनी वजन उतरवायचं ठरलं. सहा जणांनी उतरवलं. उरले शालनबाईंचे अकरा किलो.

बाईंनी काही केलं नव्हतं असं नाही. त्यांनी तेल बंद केलं होतं. फोडणी नाही, चटणी नाही, दाण्याचं कूट नाही. कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी. तीन महिने असं काढल्यावर त्यांचं वजन दीड किलोने वाढलं.

“मावशी, तेल का सोडलंत?” आहारतज्ज्ञ तन्वीर मुलाणीने विचारलं. तो याच वस्तीत जन्मलेला, लहानपणी बाईंच्या हातची चिक्की खाऊन मोठा झालेला.

“वजन उतरवायचं तर तेल सोडायचं. हेही आता तू शिकवणार? चाळीस वर्षं घाणा चालवतेय मी.”

“घाणा चालवता हो, पण पोटाचं काय? तेलबिया खाल्ल्या की आतडं मेंदूला कळवतं, बास झालं म्हणून. पोट सावकाश रिकामं होतं. तुम्ही तेच बंद केलंत. मग रात्री दहा वाजता भूक लागते आणि तुम्ही उभ्याउभ्या दोन भाकऱ्या खाता.”

“दोन नाही. दीड.”

“बरं, दीड. आता भाकरी एकच. डाळ, भाजी पोटभर. आणि रोज दोन चमचे जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. मोजून हं. चांगलं तेल आहे म्हणून वाटीभर नाही.”

“तेल खाऊन चरबी जाते म्हणतोस?”

“तेलाने नाही जात. कमी खाण्याने जाते. तेल असलं की कमी खाणं सोसवतं, एवढंच.”

बाई थकल्या होत्या. त्यांना घरी जाऊन पडायचं होतं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, “आणि जाते कुठे रे ती? घामातून?”

“थोडी पाणी होऊन जाते. बाकीची श्वासातून,” तन्वीर म्हणाला. हे तो शाळेतल्या मुलांना दरवर्षी सांगत असे. “दहा किलो चरबी जळली तर आठ किलोंवर नाकातोंडावाटे हवेत. ती हवा झाडं घेतात. तिची पानं होतात, दाणे होतात, जवस होतं. मग आहेच तुमचा घाणा.”

बाई उठता उठता पुन्हा खाली बसल्या.

“ह्यांचे अठ्ठावीस किलो?”

“तेही,” तन्वीर म्हणाला.

बाईंचे यजमान मुकुंदराव चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. चौऱ्याहत्तर किलोंचा माणूस शेहेचाळीस किलोंचा होऊन गेला. सावलीपाड्यात मेलेल्या माणसाची माती पहिली तीन वर्षं फक्त फुलझाडांना घालत, शेतीला नाही. ज्याच्याशी कालपरवापर्यंत बोलत होतो तो लगेच ताटात यायला नको, एवढी लाज लोकांनी राखली होती. बाईंनी ती तीन वर्षं झेंडूच्या वाफ्यापाशी बसून काढली. जिवंतपणी झिजणाऱ्या माणसासाठी मात्र कुणी काही नियम केला नव्हता, कारण ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौदा महिने मुकुंदराव श्वासाश्वासाने हवेत जात होते, त्याच हवेवर जवस पिकत होतं, आणि बाई ते घाण्यात घालून त्यांनाच भरवत होत्या. स्वतःही खात होत्या. ते गेल्यावर वर्षभरात बाईंचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं.

“म्हणजे हे त्यांचं आहे,” बाई स्वतःच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या. “मग हे मी देणार नाही.”

“मावशी, रेवतीची मुदत...”

“माहीत आहे मला.”

रेवतीने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. उलट बाईंच्या वाट्याची पोतीही तीच उचलू लागली. चौथ्या दिवशी ती पाठमोरीच म्हणाली, “मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नाही जमत तर नाही जमत. मी तयारी केलीय मनाची.” एवढं बोलून तिने जवसाचं पाखडलेलं सूप जमिनीवर सांडलं आणि दाणे वेचत कितीतरी वेळ खालीच बसून राहिली. बाईंना तिचा राग आला. भांडली असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्या पुन्हा तन्वीरकडे गेल्या. “थोडं ठेवून घेता येईल का? दोन किलो?”

तन्वीरने दार लावलं. “हे मी सांगणार नव्हतो, मावशी. अंगातली चरबी एका जागी पडून राहत नाही. जुनी जाते, नवी येते. वजन तेवढंच दिसतं, पण दीडदोन वर्षांत निम्मी बदललेली असते. काकांना जाऊन चार वर्षं झाली. आणि तेव्हाही ते एकट्या तुमच्या वाट्याला आले नव्हते. त्या पिकावर सगळी वस्ती जेवली. त्यांचं जेवढं तुमच्यात आहे तेवढंच माझ्यात आहे, रेवतीत आहे, सोनावण्यांच्यात आहे.”

“सोनावण्यात?” बाई ताडकन म्हणाल्या. “बारा वर्षं ह्यांनी त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही!”

“तरीसुद्धा.”

बाईंनी दंडाची कातडी चिमटीत धरली. “मग हे कोण आहे?”

“आपण सगळेच,” तन्वीर हळूच म्हणाला.

मुकुंदराव गेले त्या दिवशी बाईंना इतकं एकटं वाटलं नव्हतं. राखून ठेवायला काही उरलंच नव्हतं. रडण्याइतकंही त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी एक भाकरी केली, तिच्यावर दोन चमचे जवसाची चटणी घेतली, आणि सावकाश खाल्ली. दहा वाजले तरी भूक लागली नाही.

सात महिने त्या असंच जेवल्या. खुर्ची दर महिन्याला थोडी भरभर डुलू लागली. रांगेतली माणसं आता त्यांच्याकडे बघून हसायची, कुणी शाबासकीही द्यायचं. ती घ्यायचासुद्धा बाईंना कंटाळा येई. वर्ष संपायला बारा दिवस उरले असताना अकरा किलो पुरे झाले.

पुढच्या वर्षी रेवतीला मुलगी झाली. बारशाला सगळा पाडा लोटला. नाक बापाचं की आत्याचं यावर बायकांचा वाद रंगला. आत्याबाईंनी कानात ‘नीरजा’ असं नाव सांगितलं, आणि रेवतीने लेक उचलून आधी शालनबाईंच्या मांडीवर ठेवली.

“तुमचीच आहे हो ही, मावशी,” ती म्हणाली. तिने ते गमतीने म्हटलं होतं.

बाईंनी पोरीला छातीशी धरलं. ऊबदार, दुधाचा वास येणारं, कसंबसं साडेतीन किलोंचं अंग. पोरीने तोंड वासून मोठी जांभई दिली. तिचा श्वास थेट बाईंच्या ओठांवर आला. तो पानं घेतात, माणसं नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तन्वीरने दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी त्यांनी तोंड मिटलं आणि श्वास रोखला. हिच्यातलं कणभरही आपल्याकडे परत यायला नको होतं त्यांना.

“काय झालं मावशी?” रेवती घाबरून जवळ आली. “अशा काय करताय? बोला ना!”

बाईंनी नुसती मान हलवली. बोलायचं तर श्वास घ्यावा लागला असता.